मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवास किती तासांचा, आणि घरातून कोणत्या रात्री निघायचं?

मुलीच्या बाळंतपणाला निघालेले आई-बाबा तिकीट हातात पडलं की हमखास विचारतात, "रात्री १२:५० ला सुटून सकाळी ६:३५ ला पोचतं, म्हणजे पावणेसहा तासांत न्यूयॉर्क?" तसं नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. ते मिळवा, म्हणजे सव्वापंधरा तास होतात. नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेदहा तासांचा असतो.

हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. परतताना वरच्या थरातले पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे विमानाच्या पाठीशी असतात, म्हणून येताना साधारण तासभर वाचतो. घड्याळ मात्र उलटं दाखवतं : सकाळी ११ ला निघालेले दुसऱ्या दिवशी ११ च्या सुमारास मुंबईत!

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते. तिकिटावर '१५ तारीख, ००:५०' असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री हजर राहायचं. रात्री बारानंतर तारीख बदलते. लोक १५ ला दिवसभर शांतपणे बॅगा भरतात आणि रात्री निघतात. तोवर विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतात. अशा तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत आणि ऐनवेळचं नवं तिकीट फार महाग पडतं. दरवर्षी कुणाचं तरी असं होतं आणि आम्हाला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आम्ही प्रत्येक तिकिटावर लाल पेनाने 'घरातून निघण्याचा वार' लिहून देतो. तो कागद फ्रिजवर लावा. वरच्या उदाहरणात पुण्याहून १४ ला दुपारी चारला निघा. घाटात गाडी अडकली तरी साडेनऊच्या आत पोचाल.

"दुबईमार्गे लांब पडतं ना?" अंतर म्हणाल तर नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि पुढे न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर. थेट मार्गापेक्षा जेमतेम चारशे जास्त. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. तरीही ज्येष्ठांसाठी अडीच तासांपेक्षा कमी थांबा आम्ही घेत नाही. मोबाईलवर सव्वा तासाच्या थांब्याचं स्वस्त तिकीट दिसतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं, तर गुडघेदुखीचा माणूस परक्या विमानतळावर धावणार कसा?

न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरी जायचं असेल, तर तिथे किमान तीन तास ठेवतो. दुबईमार्गे किंवा थेट आलात, तर इमिग्रेशन न्यूयॉर्कलाच होतं आणि बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. सामान थेट शेवटच्या शहरापर्यंत टॅग केलेलं असलं तरीही.

तिकीट आमच्याकडून काढलं असेल, तर या सगळ्याचं वेगळं शुल्क नाही. दुसरीकडून काढलं असलं तरी वेळ आणि तारीख तपासून घ्यायला खुशाल या. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण मात्र तिकीट काढतानाच सांगा.