ओल्या रंगातून चालणारी माणसं

पिवळा कोट घातलेला एक तरुण खिशात पत्र घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या आर्लहून पॅरिसला आणि तिथून ओव्हेर नावाच्या गावी जातो. पत्र चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं धाकट्या भावाला, थिओला लिहिलेलं, पण पोचायचं राहून गेलेलं. व्हिन्सेंटला जाऊन वर्ष उलटलंय. तो कसा मेला, याबद्दल गावातला प्रत्येक जण वेगळंच सांगतो. दोरोता कोबिएला आणि ह्यू वेल्चमन यांच्या 'लव्हिंग व्हिन्सेंट' (२०१७) या चित्रपटाची गोष्ट एवढीच. रहस्यकथा म्हणून चित्रपट मधूनमधून रेंगाळतो, हे मान्यच करायला हवं. तरीही नजर पडद्यावरून हलत नाही, कारण समोर जे काही चाललंय, वळतंय, सिगारेट ओढतंय, ते सगळं तैलरंगात आहे. तो तरुण आर्मां रूलँसुद्धा मूळचा चित्रातलाच. टपालखात्यातल्या जोसेफ रूलँच्या या मुलाला व्हिन्सेंटनं १८८८ मध्ये पिवळ्या कोटात रंगवलं होतं.

चित्रपटाबद्दल एक आकडा नेहमी सांगितला जातो: सुमारे ६५,००० चौकटी (फ्रेम), प्रत्येक हातानं रंगवलेली, आणि रंगवणारे १२५ चित्रकार. सेकंदाला १२ चित्रं धरली तर ६५,००० चित्रांचे होतात साधारण ५,४०० सेकंद, म्हणजे दीड तास. चित्रपटाची लांबीही जवळपास तेवढीच. आकडा बरोबर आहे, पण त्यातून एक गैरसमज होतो, की पोलंडमधल्या कुठल्याशा गोदामात ६५,००० कॅनव्हास रचून ठेवलेले असणार. तसं काही नाही. एका दृश्याला एकच कॅनव्हास. त्यावर पहिलं चित्र पूर्ण रंगवायचं आणि डिजिटल कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घ्यायचा. मग जिथं हालचाल आहे तेवढा भाग खरवडून किंवा पुसून थोडा पुढे सरकवून रंगवायचा, पुन्हा फोटो. दृश्य संपतं तेव्हा कॅनव्हासवर फक्त शेवटची चौकट उरते. आधीची प्रत्येक चौकट पुढचीसाठी मोडलेली असते.

माणसांच्या हालचाली मनानं रचलेल्या नाहीत. आधी खऱ्या नटांना घेऊन दृश्यं चित्रित केली गेली आणि त्या चित्रीकरणाची एकेक चौकट चित्रकारापुढच्या कॅनव्हासवर प्रकाशानं टाकली गेली. चित्रीकरणावरून रेखाटायची ही युक्ती मॅक्स फ्लायशर या ॲनिमेशन करणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी काढली, १९१७ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. 'मग हे नुसतं गिरवणंच की' असं म्हणून काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. गिरवून बाह्यरेषा मिळते. गालावरचा हिरवट फटकारा कुठून कुठे जायचा, हे चित्रीकरण सांगत नाही, आणि या चित्रपटाचा सगळा जीव त्या फटकाऱ्यांत आहे.

तो जीव नेमका कुठे निर्माण होतो? पडद्यावर तर नक्कीच नाही. तिथे सेकंदाला १२ स्थिर चित्रं येतात आणि जातात, दुसरं काही होत नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दृष्टिसातत्य शिकवतात. चकतीच्या एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी, चकती गरगर फिरवली की पक्षी पिंजऱ्यात दिसतो. वस्तू नजरेसमोरून गेल्यावरही तिची प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग डोळ्यात रेंगाळते, हे कारण. चित्रपटालाही हेच कारण सहसा जोडलं जातं, पण तो प्रयोग नीट पाहिला तर तो उलटंच दाखवतो. पिंजरा आणि पक्षी एकत्र दिसतात, एकावर एक. पक्षी पिंजऱ्यात उडत जात नाही. प्रतिमा नुसत्या रेंगाळल्या असत्या तर आर्मां चालताना दिसला नसता, एकमेकांवर चढलेले दहा-बारा आर्मां दिसले असते.

हालचाल वेगळी घडते. जर्मनीत मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये एक साधा पण फार खोल प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारीशेजारी दोन रेषा, आधी एक उजळायची, मग दुसरी. दोघींत सेकंदाच्या पाचव्या भागाचं अंतर ठेवलं तर माणसाला आधी एक मग दुसरी अशा दोन वेगळ्या रेषा दिसत. अंतर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं कमी केलं तर दोन्ही एकदमच दिसत. या दोहोंच्या मधे, सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागाच्या आसपास, एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसे. मधल्या जागेत काहीच उजळलेलं नसताना! ती सरक मेंदूनं घातलेली.

मेंदूत हालचालीचा हिशेब करणारा भाग वेगळा असतो, याचा माणसातला ठळक पुरावा पुढे मिळाला तो एका दुर्दैवी रुग्णामुळे. १९८३ मध्ये जर्मन संशोधकांनी एका बाईंची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यावर त्यांना रंग दिसत, आकार दिसत, माणसं ओळखू येत, फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना चहाची धार गोठल्यासारखी दिसे, आणि कप कधी भरत आला ते कळायचंच नाही. रस्त्यावरची गाडी आधी लांब असे, मग एकदम जवळ. त्यांना समोरचा खरा रस्ता दिसत होता तो तुटक स्थिर चित्रांसारखा. चित्रपटगृहात आपलं नेमकं उलट होतं.

या चित्रपटात दर चित्र ८३ मिलिसेकंद टिकतं. चित्रपट दाखवला जातो सेकंदाला २४ चौकटी या वेगानं, म्हणून प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. हातानं काढलेल्या कार्टूनपटांतली ही जुनी काटकसर. मेहनत निम्मी होते, आणि हालचाल अजून जुळलेली राहते, जेमतेम. याहून खाली गेलं की धक्के जाणवू लागतात.

तैलरंगात मात्र या जेमतेमपणाला एक वेगळीच अडचण येऊन भिडते. मेंदूला एका चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात कुठे गेला, हे शोधायचं असतं. साध्या कार्टूनमध्ये चेहरा म्हणजे एक सपाट रंग आणि चार रेषा, शोध सोपा. व्हिन्सेंटच्या शैलीतला चेहरा म्हणजे शेकडो जाड, सुटे फटकारे. मान किंचित वळली आणि चित्रकारानं गाल नव्यानं रंगवला, तर फटकारे जुन्या जागी पडणार नाहीत. मेंदू त्यांची जोडी लावू पाहतो, जमेल तशी लावतो, आणि गालभर मुंग्या फिरल्यासारखी वळवळ दिसते. ॲनिमेशनवाले याला चित्र 'उकळतंय' म्हणतात. उपाय कष्टाचा आहे. प्रत्येक फटकारा लक्षात ठेवून चेहऱ्याबरोबर तोही वळवत न्यायचा. चित्रपटात थोडी उकळी राहिली आहेच, आणि ती राहिली हे बरंच झालं. व्हिन्सेंटच्या मूळ चित्रासमोर उभं राहिलं की स्थिर रंगसुद्धा किंचित हलल्यासारखा वाटतो. ती अस्वस्थता इथे आयती मिळाली.

उकळीत दिव्याची भर पडू नये यासाठी प्रत्येक चित्रकाराला बंदिस्त कक्ष होता. त्यातच कॅमेरा, प्रोजेक्टर आणि ठरावीक प्रकाश. जाड रंगाच्या उंचवट्यांच्या बारीक सावल्या पडतात. बाहेरचा उजेड आत येऊन त्या जराशा जरी हलल्या, तरी चित्राला कुणी हात लावलेला नसताना सगळं चित्र लुकलुकू लागेल.

चित्रपट सुरू होतो तो तारकांनी भरलेल्या त्या प्रसिद्ध आकाशातून. दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात जून १८८९ मध्ये रंगवलेलं हे चित्र. त्यातल्या भोवऱ्यांबद्दल २००६ मध्ये मेक्सिकोतल्या होसे लुईस आरागोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की चित्रातला उजेड-अंधार ज्या प्रमाणात बदलत जातो, ते गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोवनं १९४१ मध्ये खळबळत्या प्रवाहांसाठी मांडलेल्या नियमाशी जुळतं. तेव्हापासून 'व्हॅन गॉगला प्रवाहांचं गणित कळलं होतं' अशी वाक्यं फिरत असतात. जरा दमानं घ्यायला हवं. नियम आहे प्रवाहाच्या वेगाबद्दल, मोजला गेला कॅनव्हासवरचा उजेड. चित्रात वेग नसतोच. ॲनिमेशन करणाऱ्यापुढे मात्र खरा प्रश्न येतो: हा भोवरा कुठल्या दिशेनं फिरतोय, आणि किती जोरात? व्हिन्सेंटनं ते सांगितलेलं नाही. पडद्यावर काहीतरी एक ठरवावंच लागतं.

आता रंगाच्या ओलेपणाकडे येऊ. खरवडून पुन्हा रंगवायचं तर रंग ओला हवा. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो. तैलरंग असा काही उडून गेल्यानं वाळत नाही, उलट तो हवेतला ऑक्सिजन घेतो. रंगद्रव्य ज्यात घोटतात ते बहुधा जवसाचं तेल, विदर्भात ज्याची चटणी होते तेच जवस. या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध बरेच असतात. ऑक्सिजन त्यांच्यावर हल्ला करतो, रेणू एकमेकांना सांधले जातात आणि द्रवाची जाळीदार घट्ट पापुद्री बनते. वाळताना सुरुवातीला रंगाचं वजन चक्क वाढतं. हाताला कोरडा लागायला काही दिवस, जाड थर असेल तर आठवडे. आतून पूर्ण घट्ट व्हायला कैक वर्षं. हा वेग आणखी कमी करायचा असेल तर चित्रकार रंगात लवंगेच्या तेलाचे थेंब घालतात. दातदुखीवर आपण जे लावतो तेच. त्यातलं युजेनॉल ऑक्सिजनच्या साखळीत खोडा घालतं. एरवी चित्रकाराला नको असलेला संथपणा या पद्धतीत भांडवल ठरतो. एक दृश्य रंगवायला महिनेही लागू शकतात, आणि एकदा पापुद्रा धरला की खरवडणं संपलं.

व्हिन्सेंट स्वतः ओल्यावर ओलं रंगवायचा, झपाट्यानं. साधारण दहा वर्षांत ८५० च्या वर तैलचित्रं, आणि ओव्हेरमधल्या शेवटच्या सत्तर दिवसांत जवळपास रोज एक. वाळायला वेळच नसे. त्याच्या काही चित्रांच्या जाड रंगावर दुसऱ्या कॅनव्हासच्या विणीचे ठसे उमटलेत, कारण ओली चित्रं एकावर एक ठेवली गेली.

ठसे राहिले, काही रंग मात्र गेले. त्यानं वापरलेल्या लाल रंगांपैकी एक इओसिनपासून बनलेला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशी रंगवायला आजही इओसिन वापरतात. उजेडात तो विटतो. आर्लच्या घरातल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं तेव्हा भिंती फिकट जांभळ्या आहेत असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. आज त्या निळ्या दिसतात, लाल उडून गेला. पिवळ्याची तऱ्हा वेगळी. क्रोम यलो म्हणजे शिशाचा क्रोमेट. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी रंगाचे सूक्ष्म नमुने तपासून २०११ मध्ये इटली आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं, की उजेडामुळे यातलं सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं होतं आणि पृष्ठभाग तपकिरी पडू लागतो. फिकट, लिंबासारख्या पिवळ्यात शिशाचं सल्फेट मिसळलेलं असे, तो जास्त लवकर बिघडतो. नवे भडक रंग टिकत नाहीत, हे व्हिन्सेंटला ठाऊक होतं. म्हणूनच ते अधिक धीटपणे वापरावेत, काळ त्यांना मवाळ करेलच, असं त्यानं १८८८ मध्ये थिओला कळवलं होतं.

चित्रपटाचे चित्रकार व्हिन्सेंटकडून शिकले ते त्याच्या आज दिसणाऱ्या चित्रांवरून. त्यातही बदल करणं भागच होतं. चित्रपटाची चौकट चारास तीन प्रमाणाची, मूळ चित्रं उभी-आडवी कशीही. गोष्ट उन्हाळ्यातली, म्हणून दुसऱ्या ऋतूतली चित्रं उन्हाळ्यात आणावी लागली. व्हिन्सेंटच्या हयातीतल्या आठवणी तर जुन्या फोटोंसारख्या कृष्णधवल रंगवल्या आहेत. मला तो निर्णय रंगीत भागाइतकाच आवडतो, कारण दीड तास सलग ते पिवळे-निळे फटकारे डोळ्यांना झेपले नसते.

त्यामुळे चित्रपटातल्या रंगांना कुणी पुरावा समजू नये. आर्मांचा कोट पडद्यावर झगझगीत आहे, पण तो २०१० च्या दशकातल्या चित्रकारानं, त्या दशकातल्या ट्यूबमधल्या रंगानं, १३० वर्षं जुन्या कोटाकडे पाहून ठरवलेला पिवळा आहे. डिजिटल फाइलीत तो तसाच राहील. मूळ क्रोम यलोचं काय होतं, हे मुख्यतः संग्रहालयातल्या दिव्यांवर ठरेल. अतिनील आणि निळा प्रकाश या बिघाडाला सर्वांत जास्त हातभार लावतो, म्हणून अशी चित्रं मंद उजेडात ठेवतात. पडद्यावर लख्ख पिवळं पाहून आलेल्या प्रेक्षकाला दालनातलं मूळ चित्र त्यामानानं अंधारं वाटू शकतं.