साटेलोटे: सोयरिकीतून घोटाळ्यात आलेला शब्द

ठेकेदार आणि अधिकारी यांचे 'साटेलोटे' आहे, असे बातमीत आले की पुढचे काही सांगावे लागत नाही. पण हा शब्द मुळात भ्रष्टाचाराचा नव्हेच. तो लग्नाच्या बैठकीतला.

एका घराने आपली मुलगी दुसऱ्या घरात द्यायची आणि त्याच घरातली मुलगी आपल्या मुलाला करून घ्यायची, याला साटेलोटे म्हणतात. राजस्थानात 'आटा-साटा', पंजाब-सिंधकडे 'वट्टा-सट्टा' म्हणतात ती हीच रीत. 'साटे' म्हणजे मोबदला, अदलाबदल. प्राकृतातला 'सट्ट' याच अर्थाचा, आणि जुन्या मराठीत 'साटीं' म्हणजे 'च्या बदल्यात'. बाजारातला 'सट्टा'ही याच कुळातला मानतात.

अशा लग्नात दोन्ही सुना एकमेकींच्या नणंदाही असतात आणि भावजयाही. हुंड्याचा प्रश्न बहुधा उरत नाही, देणे-घेणे तिथल्या तिथे फिटते. पण खरी मेख पुढे आहे. इकडच्या सुनेला जाच झाला की तिकडे दिलेल्या लेकीला त्याची झळ बसते. एक नवऱ्याशी भांडून माहेरी आली, तर दुसरीलाही माघारी धाडले जाते, तिचा संसार कितीही सुखाचा असो. सुरक्षितता म्हणा की ओलीस ठेवणे, ती मुलींच्या जिवावर चालते. म्हणून दोन्ही घरे तोंड मिटून राहतात.

हा अर्थ लाचखोरीला चपखल बसला, यात मला नवल वाटत नाही. निकृष्ट रस्त्याचे बिल मंजूर करणारा आणि ते उचलणारा, दोघांनीही काही दिलेले असते, काही घेतलेले असते. एकाने तक्रार केली की दुसऱ्याबरोबर तोही बुडतो. 'मिलीभगत' हिंदीतून आला, 'हातमिळवणी' तर चांगल्या कामातही होते. 'साटेलोटे'त मात्र परतफेड गृहीत आहे, आणि एकट्याचे साटेलोटे होतच नाही.

पोलिसांच्या कागदात मात्र हा शब्द सहसा सापडत नाही. तिथे 'आरोपींनी आपसात संगनमत करून फिर्यादीची फसवणूक केली' ही ठरलेली भाषा. संगनमतात मते जुळली एवढेच येते. कोणी कोणाला काय दिले ते त्यात नाही. कायद्याचीही स्वतःची नावे आहेत. भारतीय दंड संहितेत गुन्हेगारी कटाची कलमे, १२०-अ आणि १२०-ब, १९१३ साली घातली गेली. त्याआधी समान उद्देशाचे, म्हणजे एकाच हेतूने मिळून केलेल्या गुन्ह्याचे, कलम ३४ होतेच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कट कलम ६१ मध्ये, तर समान उद्देश कलम ३(५) मध्ये आहे. निविदा भरणाऱ्यांनी आधीच दर ठरवून घेणे, ज्याला ठेकेदार सरळ 'रिंग' म्हणतात, ते २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली येते.