हरळी, तापलेली हवा आणि गोल्फचा चेंडू

उन्हाळी नांगरट झाली की मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या रानात हरळीच्या काश्या वेचायचं काम निघतं. काळ्या जमिनीत ही काशी खोलवर जाते, एका पेराचा तुकडा मागे राहिला तरी पहिल्या पावसात फुटते, आणि पेरलेल्या पिकाच्या आधी तीच वर येते. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गोल्फवाले तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि गरम मुलखातली मैदानं तिच्यावर किंवा तिच्या संकरित वाणांवर उभी करतात. असे गाजलेले वाण अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या पैदासशास्त्रज्ञाने काढले. हरळीचा आफ्रिकेतल्या एका नाजूक भावकीशी संकर केला की पान बारीक होतं, वाढ दाट होते, पण बी धरत नाही. मग लागवड कशाने करायची? काश्यांच्या तुकड्यांनी. आपण बांधावर फेकतो तो माल तिकडे मोजून विकत घेतात.

उन्हाला ही टिकते कारण ज्वारी आणि उसासारखी तीही सी-४ गटातली वनस्पती आहे. कार्बन डाय-ऑक्साइड आधी एका जागी एकवटून मग वापरायची सोय पानातच असल्यामुळे चाळिशीच्या घरातल्या तापमानातही तिचं प्रकाशसंश्लेषण चालू राहतं. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या मैदानांवरची बेंट आणि फेस्क्यू ही गवतं सी-३ गटातली. ती सोलापूरच्या मे महिन्यात आठवडाभरही तग धरायची नाहीत.

गोल्फचं मैदान निवडताना लोक हॉटेल, ग्रीन फी (म्हणजे खेळायचं शुल्क) आणि फोटो बघतात. माझं म्हणणं आहे की आधी गवत, माती आणि हवा बघावी. चेंडू कसा वागेल ते या तीन गोष्टी ठरवतात, आणि कोणता क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, न्यायचा हे त्यानंतर कळतं.

ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची ती तुळतुळीत जागा. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. हरळी आडवी पसरणारी असल्याने तिच्या पात्यांना एका बाजूचा कल येतो. उकिडवं बसून बघितलं तर एका दिशेने ग्रीन चकाकते, उलट बाजूने तीच काळपट हिरवी दिसते. चकाकणाऱ्या दिशेने मारलेला चेंडू पात्यांच्या कलाने घरंगळत पुढे जातो, काळपट दिशेने लवकर थांबतो. भोकाच्या कडेवरही हे ओळखता येतं: एक कड स्वच्छ कापलेली, दुसरीकडची पाती थोडी विस्कटलेली, सुकलेली. कल त्या विस्कटलेल्या बाजूला. थंड प्रदेशात बेंट गवतावर खेळून आलेला माणूस इथे हमखास चकतो, कारण तिकडे उतार वाचला की बहुतेक काम भागतं.

माती हे त्याहून मोठं प्रकरण. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं भरपूर. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते ती याच मातीच्या पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे. चेंडू सरळ लोळावा म्हणून केलेल्या पृष्ठभागाला मात्र हाच गुण नडतो. म्हणून चांगली ग्रीन मूळ मातीवर करतच नाहीत. खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी, त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि मग गवत, ही अमेरिकी गोल्फ संघटनेची १९६० पासूनची पद्धत. यातली गंमत खडीत आहे. वाळूच्या बारीक फटींतलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. खालच्या खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते तसं ओढता येत नाही. त्यामुळे पाणी वाळूच्या तळाशी अडून मुळांना मिळत राहतं. पाऊस जास्त झाला की पाण्याचा भार ही पकड मोडतो आणि जादा पाणी भसकन खाली जातं. भिजवणं आणि निचरा, दोन्ही कामं एकही पंप न लावता होतात.

आता हवा. सोलापूरहून गोल्फला निघायचं तर गाडी ६५ क्रमांकाच्या महामार्गावर एक तर पुण्याकडे वळते, नाहीतर हैदराबादकडे, जिथे गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याला लागून मैदान आहे. ही तिन्ही शहरं दख्खनच्या पठारावर साधारण साडेचारशे ते सहाशे मीटर उंचीच्या पट्ट्यात येतात. म्हणजे उंचीमुळे पडणारा फरक नगण्य. फरक पडेल तो तापमानाने. मुंबईशी तुलना करताना मात्र उंचीही धरावी लागते: दोन्हींचा हिशेब करून पाहिला तर मे महिन्यात ४२ अंशांना सोलापूरची हवा २७ अंशांच्या मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ भरते. उटी सव्वादोन हजार मीटरवर, तिथे हवा गार असूनही मुंबईपेक्षा पाचव्या हिश्श्याने विरळ. आणि मुंबईची दमट हवा जड असते हा समज उलटा आहे: पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांपेक्षा हलका, त्यामुळे दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकीच असते.

हवा ९ टक्के विरळ म्हणून चेंडू ९ टक्के लांब जाईल का? नाही जात, आणि याचं कारण समजून घ्यायला चेंडू नीट हातात घ्यावा लागतो.

नियमाप्रमाणे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. अंगावर तीन-चारशे खळगे, प्रत्येकाची खोली मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. नख फिरवलं तर जेमतेम जाणवेल एवढी. सुरुवातीला पिसं ठासून भरलेले कातडी चेंडू होते. १८४८ च्या सुमारास गुट्टा-पर्चा या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत चेंडू आले. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नव्या कोऱ्या चेंडूपेक्षा टवके उडालेला जुना चेंडू लांब जातो. मग हातोडीने मुद्दाम ओरखडे पाडायला लागले, आणि १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज कारखानदाराने खळग्यांचं पेटंट घेतलं.

वेगात जाणाऱ्या चेंडूला चिकटून हवेचा पातळ थर वाहतो. गुळगुळीत चेंडूवर हा थर संथ असतो आणि मध्यावरच पृष्ठभाग सोडून देतो; मागे कमी दाबाची रुंद पोकळी तयार होते आणि ती चेंडूला मागे खेचते. खळग्यांमुळे थरात खळबळ माजते, बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळते, थर मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो आणि ती पोकळी अरुंद होते. हवेचा विरोध निम्म्यावर येतो. खडबडीत अंगाने विरोध कमी होतो, हे पहिल्यांदा ऐकताना कुणालाही खोटंच वाटतं.

दुसरं काम फिरकीचं. क्लबचा तिरका चेहरा चेंडूला उलटी फिरकी देतो. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, ती मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास; वेजने, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या क्लबने, नऊ-दहा हजारांपर्यंत. फिरकीमुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हे दाखवून दिलं. चेंडू हवेत जितका वेळ राहतो तेवढा नुसत्या फेकीने राहणं शक्य नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा मुलगा फ्रेडी त्या काळचा नामांकित खेळाडू, त्यामुळे घरात निरीक्षणाला तोटा नव्हता.

तर विरळ हवेत विरोध कमी होतो, पण उचलणंही कमी होतं. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवरच्या अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये चेंडू सहा ते दहा टक्के लांब जातो असं तिथले खेळाडू धरून चालतात. त्या मानाने आपल्या उन्हाळ्यात २०० यार्डांच्या फटक्याला दहा यार्डांच्या आतबाहेर मिळतील. हवाच नसेल तर? ॲलन शेपर्ड यांनी १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेत चंद्रावर दोन चेंडू मारून पाहिले. जाडजूड पोशाखामुळे एकाच हाताने मारावं लागलं आणि पुढे छायाचित्रांवरून मोजलं तेव्हा लांबचा चेंडू ४० यार्डांवर निघाला.

क्लबबद्दल थोडक्यात. ड्रायव्हरच्या डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही, चेहऱ्याच्या उसळीवर मर्यादा आहे, पिशवीत १४ पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत. कंपन्या ही कमाल मर्यादा केव्हाच गाठून बसल्या आहेत, तेव्हा दरवर्षीच्या ‘यंदा आणखी दहा यार्ड’ छाप जाहिरातीवर पैसे उधळण्यात अर्थ नाही. खरा फायदा झाला तो वजन कडेला नेण्याचा. जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ मध्ये वजन दोन टोकांना विभागलेला पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू लोळवायचा क्लब, बनवला. चेंडू मध्यावर लागला नाही तरी असा क्लब हातात कमी वळतो. नवशिक्याने आयर्न (मधल्या पल्ल्याचे क्लब) घेताना हीच गोष्ट बघावी: मागून पोकळ, कडेने जाड. जुने का असेनात.

वेज मात्र मैदान बघून घ्यावा. त्याच्या तळव्याला बाउन्स नावाचा कोन असतो. पावसाळ्यातल्या मऊ जमिनीत किंवा भुसभुशीत वाळूत दहा अंशांच्या वरचा बाउन्स क्लबला रुतू देत नाही. एप्रिल-मेमध्ये दख्खनची जमीन कडक झाली की तोच तळवा आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात धार बसते. तेव्हा सहा अंश किंवा त्याहून कमी बरा.

लांबीही आपल्या ताकदीप्रमाणे निवडावी. ड्रायव्हरने २०० यार्ड मारणाऱ्याने ५२०० ते ५४०० यार्डांच्या मैदानावर खेळावं असा अमेरिकेतला सल्ला आहे. प्रत्येक मैदानावर पुढच्या टी (पहिला फटका मारायच्या जागा) असतात त्या यासाठीच. मागच्या टीवरून खेळायची हौस असणाऱ्यांमुळे मागचे चार गट खोळंबतात, हे कॅडी (पिशवी वाहणारे मदतनीस) तोंडावर सांगत नाहीत एवढंच.

प्रवासाला पूर्ण संच लादून नेण्यापेक्षा आपला पटर, एक वेज आणि सवयीचे चेंडू न्यावेत, बाकी तिथे भाड्याने घ्यावं. पटर आणि वेजला हाताची सवय लागते. ड्रायव्हर परका असला तरी पहिल्या तीन-चार होलनंतर जमतो. फेरीला तीन-चार चेंडू हरवत असतील तर महागडे युरेथेनचे चेंडू घेऊ नका. त्यांचं मऊ आवरण जवळच्या फटक्यांना जास्त फिरकी देतं, आणि ती वापरता यायला आधी चेंडू ग्रीनजवळ पोहोचावा लागतो. टेंभुर्णीच्या धाब्यावर जेवायला थांबाल तेव्हा डिकीत ठेवलेले चेंडू चांगलेच तापतील. गरम रबर जास्त उसळतं, त्यामुळे ते थोडे लांबही जातील. फक्त चेंडूची चाल बदलावी म्हणून मुद्दाम तापवलेल्या चेंडूने खेळायला गोल्फच्या ४.२ क्रमांकाच्या नियमाने बंदी आहे.