ई-रीडर म्हणजे स्वस्तातला टॅब नव्हे हो

"ई-रीडर, नुसतं पुस्तकं वाचायचं काळंपांढरं यंत्र कशाला, थोडे पैसे अजून घाल आणि टॅबच घे, त्यातही पुस्तकं वाचता येतातच की", अप्पा बळवंत चौकापासून घरच्या काकांपर्यंत सगळे वर्षानुवर्षं हेच सांगतात. पण मुळात दोन्हींचा स्क्रीनच वेगळा आहे. टॅब स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरचा स्क्रीन ई-इंकचा, त्यात बारीक कॅप्सूल असतात, त्यात काळे-पांढरे कण, विजेने हवे ते वर येतात आणि मग तिथेच बसून राहतात, म्हणजे स्क्रीनला वीज लागते ती पान बदलताना, म्हणून बॅटरी आठवडे-आठवडे पुरते (लाइट, वायफाय सारखं चालू ठेवलं तर कमी, अर्थात). सारसबागेत भर उन्हात टॅब उघडा, स्वतःचंच तोंड दिसेल, ई-रीडरवर मात्र अक्षरं स्वच्छ. रात्रीचा लाइटपण कडेच्या एलईडीतून स्क्रीनवर पडतो, मागून डोळ्यात येत नाही. व्हॉट्सॅपची टिंगटिंग नाही हे तर मला सगळ्यात भारी वाटतं.

आणि मराठी मिळत नाही म्हणणाऱ्यांनो, किंडलवर (ॲमेझॉनचा ई-रीडर) मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत. हां, स्कॅन केलेल्या पीडीएफ सहा इंची स्क्रीनवर वाचणं म्हणजे वैताग, तेच वाचायचं असेल तर खुशाल टॅब घ्या.