तोटीत दडलेलं विरजण

घरी केलेल्या बीअरच्या लागोपाठ तीन खेपा आंबट निघाल्यावर मी पान्हा घेऊन बादलीची तोटीच खोलली. बादली चकचकीत होती, झाकण आणि नळ्या सॅनिटायझरमधून काढलेल्या होत्या, तरी घोडं कुठे अडतंय ते कळत नव्हतं. तोटीचा फिरता भाग ओढून काढला आणि उत्तर बोटालाच लागलं. खोबणीत तपकिरी, बुळबुळीत साय, वास आंबट ताकासारखा. बीअरवर विरजण पडलं होतं, तेही शब्दशः; असा आंबटपणा बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस कुळातल्या जिवाणूंचा असतो.

वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, तासभर उकळतो तेव्हा त्यातले जवळपास सगळे जंतू मरतात. खरा धोका तो गार झाल्यावर. तिथून पुढे जे जे त्याला शिवेल, ते काही ना काही सोडून जातं. तशी या शर्यतीत यीस्टची बाजू भक्कम असते. दर मिलिलिटरला साधारण १ कोटी पेशी आपणच घालतो. अल्कोहोल, ४ ते ४.५ पर्यंत उतरलेला सामू आणि हॉप्स या फुलांमधली कडू आम्लं यांच्यापुढे माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा टिकत नाहीत. बिघडते ती चव. पण यीस्ट आठवडाभरात आटोपतं, आणि डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळीच्या शर्करा त्याला पचत नाहीत. त्या उरल्यासुरल्यावर इतरांची पंगत सवडीने बसते.

त्यांतला सर्वांत बेरकी डायास्टॅटिकस. हे बीअरच्या नेहमीच्या यीस्टचंच भावंड, काही प्रकारच्या बीअरसाठी मुद्दाम वापरलं जाणारं. एसटीए१ या जनुकाच्या जोरावर ते ग्लुकोअमायलेज हे विकर बाहेर सोडतं आणि डेक्स्ट्रिनचे तुकडे करून खातं. नळीला चिकटून ते पुढच्या खेपेत गेलं, तर बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. फेस उसळला तर जमीन पुसता येते. बाटली फुटली तर काचा उडतात.

अशा भेसळीने मोठमोठ्यांनाही छळलंय. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात बीअर बिघडत होती, तेव्हा एमिल ख्रिश्चन हान्सेन यांना तिथल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळलेलं आढळलं. १८८३ मध्ये त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवलं.

माझी चूक साधी होती. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं मी एकच समजत होतो. तोटीतली ती साय म्हणजे जैवपटल. जिवाणू स्वतःभोवती चिकट शर्करांचं आवरण विणतात, त्यावर मळ बसतो. सॅनिटायझर वरच्या थरातच खर्ची पडतो, तळाचे जिवाणू सुखरूप राहतात. म्हणून आधी सोडियम परकार्बोनेटसारख्या अल्कधर्मी द्रावणात कोमट पाण्यात भिजवायचं, मळ सुटला की पाण्याने खळखळून धुवायचं आणि मगच सॅनिटायझर. फॉस्फोरिक आम्लाच्या सॅनिटायझरचा सामू ३ च्या खाली असावा लागतो. नीट धुतलं नाही, तर मागे राहिलेला अल्क हा सामू वर चढवतो आणि सगळी मेहनत पाण्यात. शिवाय भांडं त्याने एक-दोन मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. नुसतं बुचकळून काढलं की काम होत नाही.

क्लोरीनचं ब्लीच स्वस्त, पण मला ते आवडत नाही. त्याचा अंश राहिला तर बीअरमधल्या फेनॉलशी संयोग होऊन औषधी पट्टीसारखा वास येतो, आणि तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. ब्लीच आम्लाच्या सॅनिटायझरमध्ये तर कधीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

प्लॅस्टिकची बादली घासणीने घासायची सवयही मी सोडली. जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचा. नखाला न जाणवणारी चर त्याच्यासाठी खोल दरी असते. काच आणि स्टील त्या मानाने सोशिक. मऊ नळ्या आणि रबरी वायसर मात्र मी बीअरच्या प्रकारानुसार वेगवेगळे ठेवलेत. मुद्दाम आंबट करायच्या बीअरच्या नळ्यांना लाल चिकटपट्टी आहे, त्या दुसऱ्या कशाला लागत नाहीत. आणि तोटी दर खेपेनंतर सुटी होते, साय दिसो वा न दिसो.