एकाच तळावर किती मिशा?

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या बहुतेक घरांत एक सकर असतोच. गप्पी, मॉली, एंजल पिशवीत बांधून झाले की दुकानदार म्हणतो, "एक सकर पण न्या, काच साफ ठेवेल." पुढच्या खेपेला दोन-चार कोरिडोरस येतात, मग ‘शार्क’ म्हणून विकली जाणारी चंदेरी पिल्लं. हे सगळेच कॅटफिश, म्हणजे तोंडाभोवती मिशा असलेले मासे. मालकाच्या मनात सगळ्यांची नेमणूकही एकच: तळाशी राहायचं आणि वरच्यांचं उरलंसुरलं संपवायचं. पुढे टाकीत होणारी भांडणं आणि उपासमार बऱ्याचदा या नेमणुकीतूनच सुरू होते.

कॅटफिशच्या आज सुमारे चार हजार जाती माहीत आहेत. काही बोटाच्या पेरापेक्षा लहान, तर थायलंडमध्ये 2005 साली पकडलेला मेकाँग नदीतला एक राक्षसी कॅटफिश 293 किलोचा होता. कोणी शेवाळ खरवडतो, कोणी वाळू चाळतो, कोणी शेजाऱ्याला अख्खा गिळतो. त्यामुळे ‘कॅटफिश एकत्र राहतात का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणता कोणाबरोबर, हे विचारावं लागतं.

या प्रश्नाचा उलगडा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांनी छान केला आहे. तिथे एकाच ओढ्यात कोरिडोरसच्या दोन-तीन जाती एकाच थव्यात फिरताना सापडतात आणि त्यांचे ठिपके-पट्टे इतके सारखे असतात की पाहणाऱ्याला त्या एकच वाटाव्यात. कोरिडोरसच्या अंगावर हाडांची चिलखती पट्टी असते, परांना टोकदार काटे असतात आणि काट्यांना थोडं विषही. अशा दोन जातींनी एकच रंग घातला, तर शिकारी एकदाच धडा शिकतो आणि दोघींना सोडून देतो. फ्रिट्झ म्युलर या ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन निसर्गतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात फुलपाखरांवरून हे तत्त्व मांडलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. 2011 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी या सारख्या दिसणाऱ्या माशांचा वंश, त्यांच्या मुस्कटाची लांबी आणि शरीरातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) त्यांचा आहार तपासला. एकत्र नांदणाऱ्या जाती बहुतेक वेळा एकमेकींच्या जवळच्या नातलग नव्हत्याच. एकीचं मुस्कट लांब, दुसरीचं आखूड, आणि खाणं वेगळं. ज्या जवळच्या नात्यातल्या, त्याच मुस्कटाच्या आणि त्याच भुकेच्या, त्या एका जागी सहसा दिसत नव्हत्या. रंग सारखा चालतो, ताट सारखं चालत नाही. 2024 साली या गटाचं वर्गीकरण नव्याने झालं, तेव्हा ‘कोरिडोरस’ हे नाव लांब मुस्कटाच्या शाखेपुरतंच उरलं. दुकानातले बरेचसे ‘कोरी’ आता शास्त्रीयदृष्ट्या वेगळ्या प्रजातींत मोडतात. हौशी मंडळी मात्र त्यांना कोरीच म्हणत राहतील, आणि म्हणोत बापडी.

मला वाटतं, टाकी भरतानाही हाच निकष लावावा. आधी तोंड पाहावं, मग रंग. वाळू चाळणारा, लाकडावरचं शेवाळ खरवडणारा आणि मधल्या पाण्यात तरंगणारा असे तीन कॅटफिश एका टाकीत सुखाने राहतात. एकाच कपारीवर हक्क सांगणारे दोन राहत नाहीत.

अर्थात तोंड पाहायचं ते आकारानेही. अ‍ॅमेझॉनमधला रेडटेल कॅटफिश दुकानात बोटभर असतो आणि फार गोड दिसतो. तो मीटरभराच्या पुढे वाढतो. शेजारचा मासा तोंडात मावत असेल, तर तो एका रात्रीत नाहीसा होतो. कोरी गिळला गेला तर दोघेही मरू शकतात, कारण घाबरलेला कोरी छातीच्या परांचे काटे ताठ करून जागच्या जागी अडकवतो आणि ते गिळणाऱ्याच्या घशात रुततात. दुकानातली ‘शार्क’ पिल्लं म्हणजे पंगास, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. तोही मीटरभराचा, सतत पोहणारा आणि घाबरट. घरच्या टाकीत तो ठेवूच नये, या मताला मला अपवाद सापडलेला नाही.

काही जातींच्या भांडणात वासाचा मोठा वाटा असतो. 1967 साली उत्तर अमेरिकेतल्या यलो बुलहेड या कॅटफिशवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हे मासे टाकीतल्या सोबत्याला केवळ पाण्यातल्या रसायनांवरून ओळखतात, आणि कोण वरचढ, कोण दुय्यम हेही त्यावरूनच लक्षात ठेवतात. कॅटफिशच्या मिशांवरच नाही, तर अनेक जातींत साऱ्या कातडीवर चवीच्या कळ्या असतात. दगड-लाकडाची आडोशाची जागा उपयोगी पडते हे खरं, पण आडोशामागूनही शेजाऱ्याचा वास येतच राहतो. म्हणून लहान टाकीत नुसत्या कपारी वाढवून भागत नाही, टाकीच मोठी लागते.

कोरींची गोष्ट उलटी. त्यांना आपल्याच जातीची सोबत लागते. ते एकमेकांना मिशांनी आणि अंगाने ढुशा देतात आणि या ढुशांतूनच थवा एकत्र हलतो. तेव्हा सहा जातींचा एकेक कोरी आणण्यापेक्षा एकाच जातीचे सहा आणावेत. खाली बारीक, गुळगुळीत वाळू असावी. ते ती तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडतात. धारदार खडीवर मिशा झिजतात.

पाण्याचा मुद्दा याहून अवघड. पेपर्ड कोरीचे नमुने चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले आणि 1842 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. तो उरुग्वे-अर्जेंटिनाकडचा, थंडीची सवय असलेला. वीस अंशांच्या आसपास खूश. स्टर्बाय कोरी बोलिव्हिया-ब्राझीलच्या सीमेवरचा, 24 ते 28 अंशांत रमणारा. मुंबईत मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीला टेकतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. अशा टाकीत पेपर्ड कोरी ठेवणं म्हणजे त्याला जन्मभर धापा टाकायला लावणं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला ठिपकेदार सिनोडॉन्टिस हा कॅटफिश तर सामू (pH) 8.5 ते 9 असलेल्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याचा. तो तोंडात अंडी वाढवणाऱ्या सिक्लिड माशांच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो आणि त्याची पिल्लं यजमानाची पिल्लं खाऊन वाढतात. कोकिळेचा धंदा करणारा हा मासा कोरीबरोबर नको, सिक्लिडबरोबरच शोभतो. आणि आपल्या पुण्याच्या नावाने ओळखला जाणारा ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस, ज्याचं वर्णन सुंदरलाल होरांनी 1938 साली केलं, तो छातीवरच्या घड्यांनी वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटतो. त्याला साध्या फिल्टरच्या संथ पाण्यात आणण्याचा मोह टाळलेला बरा.

सकरकडे परत यायला हवं. तो 40 सेंटिमीटरच्या पुढे जातो, भरपूर विष्ठा करतो, आणि पोट भरलं नाही तर रात्री गोल्डफिश, डिस्कस अशा संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो तळ्यात सोडतात. तो जठराच्या भिंतीतून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही टिकतो आणि काठावर बिळं करून माती सैल करतो. केरळपासून पूर्व कोलकात्याच्या पाणथळींपर्यंत तो आज पसरला आहे. शेवाळ खायला एखादा हवाच असेल तर सकरचाच लहान भाऊबंद ब्रिसलनोज घ्यावा, तो साधारण वितीएवढा होऊन थांबतो.

चार फुटी टाकी असेल तर माझी पसंती अशी: वाळूवर स्टर्बाय कोरींचा थवा, लाकडाखाली एक ब्रिसलनोज, मधल्या पाण्यात सात-आठ पारदर्शक ग्लास कॅटफिश आणि पानांच्या खालच्या बाजूला उलटे तरंगणारे, काँगो खोऱ्यातले सिनोडॉन्टिस तीन-चार. या चौघांनाही 25 अंशांच्या आसपासचं, फार जड नसलेलं पाणी चालतं. बुडणाऱ्या गोळ्यांचा एक वाटा दिवा बंद केल्यावर टाकायचा, नाहीतर रात्री जागणाऱ्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. मधूनमधून कोरी झपकन वर येऊन हवा गिळेल, ती त्याची आतड्यातून श्वास घेण्याची रीत आहे. पाच मिनिटांत सगळेच वर येऊ लागले, तर मात्र पाणी तपासायचं. ब्रिसलनोजचा दुसरा नर आणायचा तर दुसरी कपार आधी ठेवायची, तीही टाकीच्या दुसऱ्या टोकाला. आणि पिल्लं हवी असतील तर जोडीची टाकी वेगळीच करावी. नर अंड्यांवर पहारा देतो खरा, पण पिल्लं कपारीबाहेर पडली की तो त्यांच्यामागे फिरत नाही आणि रात्री बाकीचे जागेच असतात.