पातळ नट खाली की वर? आणि नायलॉक म्हणजे चेक नट नव्हे

दुकानात जाऊन माणूस म्हणतो "लॉक नट द्या", आणि दुकानदार काही न विचारता निळ्या नाहीतर पांढऱ्या रिंगेचे नायलॉक मूठभर पुड्यात बांधून देतो. निम्म्या वेळा त्या माणसाला चेक नट पाहिजे असतो. दोघांनाही लॉक नटच म्हणतात त्यामुळं घोळ होतो, आणि हा घोळ मी इतक्या ट्रॅक्टरवर आणि ट्रॉल्यांवर बघितलाय की आता एकदा बसून लिहूनच टाकतो.

नायलॉक सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं पटकन सांगतो. नटाच्या वरच्या टोकाला नायलॉनची रिंग असते, बोल्ट तिच्यात घुसताना स्वतःपुरते आटे पाडून घेतो आणि ती रिंग बोल्टाला घट्ट धरून ठेवते. रिंगेच्या वर बोल्टाचे दोनेक आटे बाहेर आले पाहिजेत, नाहीतर रिंगेनं काही धरलंच नाही असं समजा. एकदा काढलेला नायलॉक रिंगेपाशी आल्यावर पण बोटानं फिरत असेल तर भंगारात टाका, धुऊन परत लावू नका. नायलॉनची हद्द साधारण १२० डिग्री, त्यामुळं सायलेन्सर आणि मॅनिफोल्डजवळ नको, तिथं वरचं तोंड दाबून अंडाकार केलेला पूर्ण लोखंडी लॉक नट मिळतो तो घ्या. (आमच्याकडं एकजण म्हणाला सोलापूरच्या उन्हानं नायलॉन ढिलं पडतं. अहो ऊन पंचेचाळीसला गेलं तरी १२० कुठं आणि ४५ कुठं, नायलॉनच्या आधी आपण वितळू.)

चेक नटात असली कुठली रिंग नसते, तो साधाच नट असतो, बहुतेक वेळा पातळ. तो एकटा काहीच धरत नाही. त्याला दाबायला समोर दुसरा नट किंवा आटे पाडलेला फोर्क लागतो, दोघं एकमेकांवर रेटले की मधले आटे दोन्ही बाजूनं ताणले जातात आणि खेळ संपतो. म्हणून क्लच रॉड, ब्रेक रॉड, टाय रॉड (स्टिअरिंगकडून पुढच्या चाकांना वळवणारा दांडा) अशी जिथं लांबी कमीजास्त करून एका जागी पक्की करायची असते तिथं चेक नटच लागतो. आणि उलट, जिथं सांधा हलता ठेवायचाय, म्हणजे पेडलच्या लिंकेजची एखादी पिव्होट, नट आवळून चालत नाही पण गळून पण पडला नाही पाहिजे, तिथं नायलॉक. एवढं लोकांना सांगितलं की कळतं, इथं फार कुणी अडत नाही.

अडतात ते ट्रॉलीच्या पाट्यांच्या यू बोल्टवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांची स्प्रिंग एक्सलला बांधून ठेवणाऱ्या U आकाराच्या बोल्टवर. तिथं दोन नट लागतात, एक जाड एक पातळ, आणि शंभरातले नव्वद जण जाड नट आधी खाली लावून जीव लावून आवळतात आणि मग पातळ वरून "सांभाळायला" बसवतात. हे उलटं आहे. पातळ खाली, जाड वर.

ऐकायला विचित्र वाटतं मला माहितेय. मी पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो, कारण डोक्यात असं बसलेलं असतं की खालचा नट काम करतो आणि वरचा राखण करतो. पण प्रत्यक्षात काय होतं ते नीट बघा. खालचा नट आवळला, बोल्ट ताणला गेला, आता त्या नटाचे आटे बोल्टाच्या आट्यांना एका बाजूनं टेकलेत आणि सगळा ताण त्या टेकलेल्या बाजूवर आहे. आता वरचा नट आणून त्याच्यावर दाबला. वरचा नट खालच्याला खाली रेटतो, आणि रेटला की खालच्या नटाचे आटे आधी टेकले होते ती बाजू सोडतात आणि समोरच्या बाजूला जाऊन बसतात. म्हणजे बोल्टाची ओढ आता खालच्या नटाकडं राहिली नाही, ती वरच्यानं उचलली. ओझं वरच्याकडं, अटकाव खालच्याकडं. आता सांगा, ओझं पातळ नटावर द्यायचं का जाड नटावर?

आकड्यात सांगायचं तर १६ एमएमचा पातळ नट ८ एमएम उंच असतो आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २ एमएम, म्हणजे त्याच्यात जेमतेम ४ आटे. जाडा १३ एमएम, साडेसहा आटे. शिवाय पातळ नट बहुतेक ०४ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) येतो, त्याची ताकद ८ ग्रेडच्या साध्या नटाच्या साधारण निम्मी धरतात. एवढ्याशा नटाला वर बसवून त्याच्या गळ्यात भरल्या ट्रॉलीच्या यू बोल्टची ओढ अडकवायची, आणि वर म्हणायचं डबल नट टाकलाय, काळजी नाही.

गेल्या हंगामात आमच्या दाजींची ट्रॉली उसानं भरून निघाली आणि मोहोळच्या अलीकडं तिरकी चालायला लागली. मी गेलो तेव्हा दाजी रस्त्याकडंला उकिडवे बसलेले, म्हणाले, "डबल नट टाकले होते की ओ, तरी कसं गेलं?" खाली घुसून बघितलं तर पाट्याचा सेंटर बोल्ट (सगळ्या पट्ट्या मधोमध जागेवर धरणारा) कातरलेला, एक्सल दोन बोटं मागं सरकलेला. यू बोल्टवर जाड नट खाली होता आणि बोटानं गरगर फिरत होता. वरचा पातळ नट तर जागेवर नव्हताच, त्याचे आटे तेवढे सोलून बारीक तारेच्या वेटोळ्यासारखे बोल्टाला गुंडाळून राहिले होते. ज्या गॅरेजनं पंधरा दिवस आधी पाटे भरले होते तिथल्या पोरानं बिचाऱ्यानं ताकद लावण्यात काही कसूर केली नव्हती. वरचा पातळ नट त्यानं इतका आवळला की सगळी ओढ त्या चार आट्यांवर गेली, ते सोलले, आणि मग खालच्याला कुणी वालीच उरला नाही.

आता क्रम. खालचा पातळ नट आठ आण्याइतका आवळायचा, पूर्ण रुपया नाही, चार-आठ आणेच. मग त्याला पान्यानं धरून ठेवायचं, हललाच नाही पाहिजे, आणि वरचा जाडा पूर्ण रुपयाभर आवळायचा. खालचा धरलाच नाही तर दोघं जोडीनं फिरतात आणि एकमेकांवर दाबच बसत नाही, मग बोल्टावर दोन टोप्या घातल्यासारखं होतं, दोन्ही आपापल्या वेळेला उतरतात.

आणि खरी गोम इथंच आहे, लोक क्रम उलटा का करतात त्याचं कारण अज्ञान कमी आणि पाना जास्त. १६ च्या नटाला २४ चा पाना, आणि बाजारातल्या साध्या पान्याचं तोंडच ८ एमएमच्या नटाला जाड पडतं, म्हणजे खालचा पातळ नट धरायला गेलं की पाना वरच्या नटाला पण अडतो आणि दोन पाने एकावर एक बसत नाहीत. मग मिस्त्री वैतागून जाड खाली टाकतो, कारण त्याला धरता येतं. माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, होते, दिवसभर धडधडणाऱ्या मागाचे नट आवळण्यातच आयुष्य गेलं, त्यांच्या पिशवीत दोन पाने होते दोन्ही तोंडं घासून पाचेक एमएमचे केलेले. लहानपणी मला वाटायचं झिजलेत. तसा एक जुना २४ चा पाना ग्राइंडरवर घासून ठेवा, घासताना निळा पडू देऊ नका, मधून मधून पाण्यात बुडवा, आणि त्याच्यावर पाइप घालून जोर करू नका, तो फक्त धरायला आहे.

मधेच एक राग काढून घेतो, स्प्रिंग वॉशर. लोकांना वाटतं तो टाकला की झालं. अहो आवळल्यावर तो चपटा होतो आणि चपटा झाला की साधा वॉशरच. १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं दाखवून दिलं की नट जास्त करून ढिला होतो तो आडव्या हिसक्यानं, सांध्याचे दोन तुकडे एकमेकांवर आडवे सरकायला लागले की नट आपोआप उलटा फिरतो. उसाची ट्रॉली रानातनं बांधावरून रस्त्यावर चढते तेव्हा पाट्याला दुसरं काय बसतं? आडवे हिसकेच. म्हणून आधी पुरेसं आवळणं महत्त्वाचं, सांधा सरकलाच नाही पाहिजे, लॉक नट त्याच्या नंतर. नायलॉक पण इथं नट पडू देत नाही एवढंच, आवळलेपण टिकवायची खात्री तो देत नाही. बोल्टाला लटकलेला ढिला नायलॉक बघून "आहे की जागेवर" म्हणणारे आहेत, त्यांना मी हात जोडतो.

टाय रॉडचं एक, तिथं एका टोकाला उलटे आटे असतात आणि त्या बाजूचा चेक नट पण उलटाच. सवयीनं आवळायला जाता आणि सोडून बसता. बॉल जॉइंटच्या टोकाला मात्र कॅसल नट (वरून खाचा असलेला) आणि त्या खाचेतनं बोल्टाच्या भोकात जाणारी स्प्लिट पिन असते ती तशीच ठेवा, तिथं नायलॉकची हुशारी नको. त्या बोल्टाला पिनचं आरपार भोक असतं, त्याच्या कडेनं नायलॉनची रिंग खरवडून निघते.

आता यू बोल्टचे नट आणायला गेलात तर "लॉक नट" म्हणू नका, "१६ एमएम, पिच २ चे, पातळ चेक नट" असं म्हणा. दुकानदार म्हणेल पातळ कुणी नेत नाही मालक, जाडेच घ्या. घ्या मग, भांडू नका, बोल्ट तेवढा लांब असला की दोन्ही जाडे चालतात. कुठला खाली हा वाद तिथंच मिटला, साधा पाना पण बसतो, फक्त खालचा आठ आणे आणि वरचा रुपया तेवढं तसंच ठेवायचं, आणि पहिली खेप टाकून आलात की परत एकदा खाली घुसून पाना लावून बघायचा.